महू नसलेलं घर

"कोनी पोर शे ही? थांब, तू सांगू नको," असं म्हणत मावशी समोरच्या मुलाचं डोकं दोन्ही तळहातांत धरायची, टाळूला नाक लावायची आणि डोळे मिटून एक लांब श्वास घ्यायची. मग आईकडे बघून निकाल द्यायची. "कोंबडीवालं घर." नाहीतर, "चक्कीना बाजूले ऱ्हातस तुम्ही." बहुतेक वेळा ती बरोबर निघायची. आई पदर तोंडाला लावून हसायची, मूल रडायचं थांबायचं आणि मावशी पुढच्या मुलाकडे वळायची.

तुम्हीही अशी माणसं पाहिली असतील. दवाखान्याच्या पगारपत्रकावर त्यांचं काम झाडलोट एवढंच असतं, पण त्या एक दिवस आल्या नाहीत तर डॉक्टरांनाही काही सुचत नाही. आमचा दवाखाना नवापूरपासून गुजरातच्या हद्दीकडे जाणाऱ्या रस्त्यावर होता, एका ट्रस्टचा, चार खोल्यांचा. मावशी तिथे माझ्या आधी वीस-एक वर्षं होती. फरशी पुसणं, नंबर पुकारणं, सुई टोचताना पोरांना धरणं, आणि डोंगरातल्या बायकांचं बोलणं डॉक्टरांना समजावून सांगणं, ही सगळी कामं तिची. घरी ती मावची बोलायची, बाजारात गुजराती आणि आमच्याशी अहिराणी. मी नंदुरबारचा. आमच्याकडे मावशीला कोणी अहो-जाहो करत नाही, त्यामुळे मीही पहिल्या दिवसापासून तिला तूच म्हणत आलो. ती मला 'भाऊ' म्हणायची.

मी तिथे गेलो तो पेटीबरोबर. शहरातल्या एका संशोधन प्रकल्पाने ती पेटी आमच्याकडे ठेवली होती आणि ती चालवायला मला नेमलं होतं. पेटी साधारण शिलाई मशीनच्या खोक्याएवढी. मुलाने एका पिशवीत फुंकर मारायची, पिशवी पेटीला जोडायची, की पेटी त्या श्वासाचा वास घ्यायची. आत वास ओळखणाऱ्या बारीक बारीक चकत्या होत्या. लहान मुलांच्या पोटातल्या गाठी, रक्ताचे आजार, असं काही वासावरून लवकर कळतं का, हे त्या लोकांना बघायचं होतं. पेटी आजाराचं नाव सांगत नसे. हा श्वास इतर मुलांसारखा नाही, एवढंच सांगायची. हिरवा दिवा लागला तर घरी जा. लाल लागला तर मुलाला तालुक्याला सोनोग्राफीसाठी पाठवायचं, असा नियम होता. नियम सोपा होता आणि तो माझ्या सहीने चालायचा.

मावशीने पेटीला पहिल्याच दिवशी 'तुन्हा डबा' असं नाव दिलं. पहिल्याच आठवड्यात तिने फिनेलने खोली पुसली आणि दिवसभर दिवा लाल राहिला. मी चिडलो तर म्हणाली, "तुन्हा डबाले सर्दी व्हयनी, भाऊ. उद्या बरा व्हई." त्यानंतर ती ती खोली साध्या पाण्याने पुसू लागली. एकदा दुपारी तिने तिथेच बसून सुक्या बोंबलाचं कालवण उघडलं आणि पेटी पुन्हा लाल झाली. मावशीने भाकरीचा तुकडा मोडून पेटीसमोर ठेवला. "याले बी भूक लागनी," ती म्हणाली. मला हसू आवरेना आणि रागही आवरेना.

माझ्यावरही तिचं नाक चालायचं. मी सिगरेट सोडली असं बायकोला सांगून टाकलं होतं. एका सकाळी मावशी माझ्या टेबलाजवळून गेली आणि न थांबता म्हणाली, "आज तू दोन वढ्या." मी म्हणालो, एकच. "मंग एक तुन्हा साडूनी," ती म्हणाली. साडू खरंच आला होता आणि आम्ही एकत्रच स्टेशनवर उभे होतो. त्या बाईसमोर खोटं बोलणं अवघड होतं. म्हणजे वासाच्या बाबतीत अवघड होतं. शब्दांच्या बाबतीत फार सोपं निघालं, ते पुढे येईलच.

एकदा मी तिला मस्करीत म्हणालो, "मावशी, पेटी परत धाडू का? तूच रोग सांग." ती लगेच गंभीर झाली. "माले रोग नही समजत, भाऊ. माले घर समजस." मग तिने मला समजावलं. तिची आई सुईण होती. डोंगरात रात्री-बेरात्री कोणी बाळ उचलून आणलं तर ते कुठल्या पाड्याचं, कुठल्या घरचं, हे तिची आई टाळू हुंगून सांगायची. धूर कुठल्या लाकडाचा, घरात बकरी आहे की गाय, तेल कुठलं, हे डोक्यावरच्या केसांत राहतं. आजाराचं काम डॉक्टरचं, असं ती ठामपणे म्हणायची. आपल्याला काय येतं आणि काय येत नाही, हे इतकं स्पष्ट ठाऊक असलेलं माणूस मी तरी दुसरं पाहिलं नाही.

पेटीचं खरं कोडं तिनेच सोडवलं. चैत्राच्या सुमाराला अचानक लाल दिवे लागू लागले. दिवसाला तीन, चार, एकदा तर सहा. मी मुलं तालुक्याला पाठवत राहिलो आणि ती सगळी धडधाकट निघत राहिली. सोनोग्राफीवाले डॉक्टर फोनवर ओरडले. प्रकल्पाच्या साहेबांनी विचारलं की तुमच्याकडे पेटी बिघडली की माणूस. मी हताश होऊन बसलो होतो तेव्हा मावशीने एका लाल दिव्याच्या मुलाची टाळू हुंगली आणि म्हणाली, "महू."

महू म्हणजे मोहाची फुलं. त्या दिवसांत डोंगरातली घरंच्या घरं पहाटे उठून झाडाखालची फुलं वेचतात. अंगणात, छपरावर, खाटेवर फुलं वाळत असतात, आणि बऱ्याच घरांत त्यांची दारूही गाळतात. तो गोड आंबूस वास कपड्यांत, केसांत, पोरांच्या तोंडात बसतो. पेटीला तोच लागत होता. मी दहा दिवस पडताळून पाहिलं. मावशी ज्या मुलाला 'महू' म्हणायची, त्याचा दिवा लाल असायचा. आंघोळ घालून, दोन दिवस नातेवाइकाकडे ठेवून पुन्हा फुंकर मारायला लावली की हिरवा.

मी हे प्रकल्पाला लिहून कळवलं. साहेब खूश झाले. त्यांनी फॉर्ममध्ये एक नवीन रकाना दिला: नमुना बाद करण्याचं कारण. तिथे 'घरगुती वास, मोह' असं लिहिलं की मुलाला तालुक्याला पाठवायची गरज नाही. बैठकीत माझं नाव घेऊन कौतुक झालं, स्थानिक परिस्थितीची जाण असलेला कार्यकर्ता असं काहीतरी. मी मावशीचं नाव घेतलं नाही. मुद्दाम लपवलं असंही नाही. कोणी विचारलं नाही, मी सांगितलं नाही. चहा आला आणि विषय बदलला. माझी चूक तिथून सुरू झाली असं मला आता वाटतं, कारण त्या दिवसानंतर 'महू' हा माझा शोध झाला आणि मावशी नुसती हो-नाही सांगणारी.

त्यानंतर एक मुलगी आली. पाच वर्षांची, पिवळा फ्रॉक, केसांना भरपूर तेल. आईने कडेवर आणली होती. शनिवार होता, दवाखाना बंद व्हायला आला होता आणि जीपवाला बाहेर हॉर्न वाजवत होता. मावशीने बाहेर ओटीवरच तिची टाळू हुंगली आणि पोरीला आत पाठवलं. मुलीने फुंकर मारली. मी पिशवी जोडली. दिवा लाल.

मावशी बाहेर दुसऱ्या एका रडक्या पोराला गप्प करत होती. मी आतूनच विचारलं, "मावशी, इना घर महू शे ना?"

"नही," ती बाहेरून म्हणाली. "त्या प्रार्थनावाला शेतस. इना आजापासीन सोडेल शे. त्या येचतस बी नही."

आमच्या हद्दीवरच्या डोंगरात निम्मी घरं ख्रिस्ती आहेत. त्यांतल्या काहींनी दारू सोडताना फुलंही सोडली. विकायलासुद्धा वेचत नाहीत. हे मला माहीत होतं. मावशी स्वतः त्याच मंडळीतली होती, रविवारी चर्चमध्ये सतरंजीच्या त्याच पटावर बसायची. ती घर ओळखण्यात चुकत नाही हे मला माहीत होतं. फॉर्म माझ्यासमोर होता. तालुक्याची चिठ्ठी लिहायची तर गाडीसाठी फोन करायचा, आईला समजावायचं, सोमवारी पुन्हा त्या ओरडणाऱ्या डॉक्टरांचं ऐकायचं. सोमवारीच प्रकल्पाची बैठक होती आणि लाल दिवे किती कमी झाले हे मी तिथे दाखवणार होतो. मी स्वतःला म्हणालो, शेजारच्या अंगणातला वास असेल. या दिवसांत कुठल्या घराला महू लागत नाही?

खरं सांगायचं तर त्याच्याही खाली एक कारण होतं, आणि ते सगळ्यांत हलकं होतं. झाडलोट करणाऱ्या बाईने मला दुसऱ्यांदा शिकवावं, हे मला नको होतं.

मी 'घरगुती वास, मोह' असं लिहिलं आणि सही केली. मावशी आत आली, खिडक्या लावू लागली. "डबा काय बोलना?" तिने विचारलं.

"हिरवा," मी म्हणालो. "मी सहज इचारं."

ती बाहेर गेली आणि त्या आईला म्हणाली, "नीट शे तुन्ही पोर. जाय, जीप निंघी जाई." आई निघून गेली.

महिन्याभराने ती आई पुन्हा आली. पोर जेवत नाही, पोट घट्ट लागतं, म्हणाली. तो डॉक्टर येण्याचा दिवस नव्हता. मावशीने तिला जंताचं औषध दिलं आणि सांगितलं, मशीनमध्ये काही निघालं नाही, काळजी करू नको. आणखी तीन आठवड्यांनी ती परत आली. त्या दिवशी मी आत बसलो होतो आणि दाराच्या फटीतून मला दोघींचं बोलणं ऐकू येत होतं. मावशी तिला म्हणत होती, "अगं, मशीनले कितला वास समजस. त्यानामा नही निंघनं ना? मंग जाय घर." मला त्या मुलीचा लाल दिवा आठवला. उठावं असं वाटलं. तेवढ्यात माझा फोन वाजला आणि मी फोन घेतला. फोन कोणाचा होता तेही आता आठवत नाही.

चौथ्या खेपेला ती डॉक्टरांच्या दिवशी आली. डॉक्टरांनी पोटावर हात ठेवला आणि बराच वेळ उचलला नाही. मग त्यांनी स्वतः गाडी बोलावली. किडनीवर गाठ होती. तालुक्याहून तिला सुरतेला पाठवलं.

मावशीने रजा टाकली. इतक्या वर्षांत तिने घेतलेली ती पहिली लांब रजा. त्या आईला घरी दोन लहान पोरं होती, नवरा पोल्ट्रीवर कामाला, आणि सुरतेच्या मोठ्या दवाखान्यात एकटीने कुठल्या खिडकीवर उभं राहायचं हेही तिला माहीत नव्हतं. मावशी दोघींबरोबर गेली आणि पुढचे कित्येक महिने, ऑपरेशन, सलाईनची औषधं आणि मग शेक, या सगळ्यात ती त्यांच्याबरोबर येत-जात राहिली. आमच्याकडे रेडिओथेरपीला शेकच म्हणतात. आम्हाला वाटलं, जातभाई आहेत, मंडळीतली माणसं आहेत, म्हणून जाते. मलाही तसंच वाटून घ्यायचं होतं.

प्रकल्पाच्या कामाने सुरतेला गेलो असताना मी एकदा तिथे थांबलो. तळमजल्यावर शेक द्यायचं मशीन होतं, जाड दरवाज्याच्या आत. आत पेशंटखेरीज कोणाला थांबता येत नाही. लहान मुलं हलतात, म्हणून त्यांना बहुतेक वेळा झोपेचं औषध देऊन आत ठेवतात. या मुलीला औषध द्यावं लागत नव्हतं. बाहेर पडद्यावर आतलं चित्र दिसत होतं: तिच्या अंगाच्या मापाने घट्ट केलेली गादी, त्यावर एवढीशी पोर, पोटावर निळ्या खुणा. त्या खुणा धुवायच्या नव्हत्या. मावशीने तिला सांगितलं होतं की हे गोंदण आहे, मोठ्या बायकांचं असतं तसं. मुलगी कोणालाही त्यांना हात लावू देत नसे.

मशीन चालवणारा गुजराती मुलगा म्हणाला, "चालो मासी, बोलो," आणि माईक मावशीकडे सरकवला. आतल्या खोलीत तिचा आवाज जात होता. ती मावचीत बोलत होती. मला अर्धं कळत होतं. ती मुलीला गावातून चालवत नेत होती. विहिरीपासून निघालो. आता चक्कीवाल्याचं घर, पिठाचा वास आला का? नाक हलवू नको, मनातच घे. आता बकऱ्यांवाल्या आजीचं घर, नाक दाबू नको, हात हलतील. आता शाळा, फळा ओला आहे. मध्येच मशीन थांबलं, आत काहीतरी जुळवायचं होतं. मावशीने आवाजात जरासुद्धा बदल न करता मुलीला चक्कीवाल्याच्या ओट्यावर बसवलं आणि पाणी पाजलं. मशीन सुरू झालं तशी ती पुन्हा चालू लागली. आता तुझं घर. आई नागलीची भाकर टाकते आहे, एक बाजू झाली आहे. आणि मशीनच्या खोलीचं दार उघडलं. त्या गुजराती मुलाने मला सांगितलं की रोज असंच होतं, आणि मासी वेळेला इतकी पक्की आहे की तो घड्याळाकडे बघतही नाही.

नंतर आम्ही बाहेर बाकावर बसलो. मी केळी नेली होती. मावशीने एक घेतलं आणि सोलता सोलता म्हणाली, "मोठा डॉक्टर काय बोलना तुले माहीत शे का? दोन-तीन महिना आधी येती तर शेक द्यायनी पाळी येती नही कदाचित. ऑपरेशनमाच भागी जातं." मी माझं केळं सोलत राहिलो. "ही माय उन्ही व्हती भाऊ. दोन डाव उन्ही व्हती. मीच परत धाडी. मीच." तिने केळं न खाता सालीत पुन्हा गुंडाळलं आणि पिशवीत ठेवलं.

तुम्ही म्हणाल, त्या क्षणी सांगायला काय हरकत होती? काहीच नव्हती. बाकावर आम्ही दोघंच होतो. मी म्हणालो, "तुन्ही काय चूक त्यामा, मावशी? मशीनले बी समजनं नही." हे शब्द मी उच्चारले. पेटीला समजलं होतं. मावशीलाही जे समजायचं ते समजलं होतं. न समजल्याचं सोंग एकट्या मी घेतलं होतं.

पुढे प्रकल्पाचे एक तज्ज्ञ आले तेव्हा मी आडून आडून विचारलं. ते म्हणाले, अजून या विद्येचं काही खरं नाही. तो लाल दिवा गाठीमुळेच लागला असं छातीठोकपणे कोणी सांगू शकणार नाही, योगायोगही असेल. त्यांनी मला बरं वाटावं म्हणून सांगितलं नव्हतं, त्यांना काही माहीत नव्हतं. पण मी ते वाक्य बरेच दिवस औषधासारखं घेत राहिलो. त्याचा उपयोग झाला नाही. दिवा कशामुळे लागला हा प्रश्न पेटीचा होता. दिवा लागल्यावर सोनोग्राफीला पाठवायचं, हे माझं काम होतं, आणि सोनोग्राफीत ती गाठ दिसली असती.

मुलगी बरी झाली. केस पुन्हा आले, आधी मऊ आणि मग भरपूर. वर्षभराने तिच्या घरच्यांनी आभाराची प्रार्थना ठेवली आणि मला आवर्जून बोलावलं. पत्र्याच्या चर्चपुढे मांडव होता. मला पाहुणा म्हणून खुर्ची दिली, बाकी सगळे पटावर. गाणी झाली, चर्चच्या पाळकांचं बोलणं झालं. त्यांच्याकडे साक्ष देण्याची पद्धत आहे. ज्याला वाटेल त्याने सगळ्यांसमोर उभं राहून आपल्या आयुष्यात काय घडलं ते सांगायचं. मुलीची आई बोलली, बाप दोन शब्द बोलून बसला. मग मावशी उभी राहिली.

ती मावचीत बोलली, पण मला समजावं म्हणून मध्येच अहिराणीत आली. "दोन डाव ही माय मन्हाकडे उन्ही. दोन डाव मी हिले परत धाडी. मी डॉक्टर नही, तरी मी बोलनी की पोर नीट शे. या पोरना अंगले जो शेक बसना तो मन्हा तोंडमुळे बसना. देवनी पोर वाचाडी. पण मन्ही चूक मी देवना समोर आनि तुमना समोर कबूल करस." ती रडत होती. मुलगी मावशीला आजी म्हणायची; ती पुढे बसून तिच्याकडे टक लावून बघत होती. मुलीची आई उठली आणि मावशीला धरून उभी राहिली. आणि मग मावशीने डोळे पुसून माझ्याकडे हात केला. "या भाऊनी आमनाकरता बहुत करं. सुरतले बी उना." सगळ्यांनी माझ्यासाठी टाळ्या वाजवल्या.

मी खुर्चीवर बसून राहिलो. हातही जोडले. नंतर पंगतीत भात आणि मटण वाढलं आणि मी ते जेवलो. माणूस किती हलका असू शकतो हे मला त्या जेवणात कळलं, आणि कळूनही मी दुसऱ्यांदा रस्सा घेतला, कारण वाढणारी मावशी होती आणि नको म्हटलं असतं तर तिने कारण विचारलं असतं.

त्यानंतर पेटी परत गेली. मला नंदुरबारला एका लॅबमध्ये नोकरी लागली. मी वर्षातून दोन-तीनदा नवापूरकडे जायचो आणि दर वेळी ठरवून जायचो. मावशी निवृत्त झाली होती, घरापुढच्या ओट्यावर तुरीच्या शेंगा सोलत बसलेली असायची. मी बोलायला सुरुवात करायचो, "मावशी, ते मशीनचं..." ती म्हणायची, "जाऊ दे भाऊ, ते मन्हा आनि देवनं शे." मग माझ्या मुलीची चौकशी करायची. मला सुटल्यासारखं वाटायचं. परत येताना गाडीत मात्र मी स्वतःला शिव्या घालायचो. खोटं बोललेला माणूस मी, आणि तिने माफी मागायची देवाची, हे मला दिसत होतं. तरी असा पाच-सहा वेळा मी सुटून परत आलो.

गेल्या हिवाळ्यात ती गेली. चार दिवस ताप होता, पाचव्या दिवशी उठली नाही. मला निरोप दोन दिवस उशिरा मिळाला. मी पोचलो तेव्हा माती देऊन झाली होती.

तिथून मी सरळ त्या मुलीच्या घरी गेलो. आई अंगण सारवत होती. मी उभ्या उभ्या सगळं सांगितलं. लाल दिवा, रकाना, सही, हिरवा दिवा लागला असं मावशीला सांगणं. दाराआडून फोन घेणं सुद्धा. ती हातातलं शेण तसंच धरून ऐकत होती. मला वाटलं ती ओरडेल. ओरडली असती तर बरं झालं असतं.

"माले सांगीसन काय, भाऊ?" ती म्हणाली. "तिले सांगनं व्हतं."

तिने उरलेला कोपरा सारवून घेतला, हात धुतले आणि मग म्हणाली, "रविवारे ये. तिनी जठे उभी राहीसन सांगं, तठेच सांग."

मी पहिल्या रविवारी गेलो नाही. दुसऱ्या रविवारी गेलो. या वेळी मांडव नव्हता, आत पन्नास-साठ माणसं पटावर बसली होती. मी खुर्ची घेतली नाही. पाळकांनी विचारलं, कोणाला साक्ष द्यायची आहे का? मी उभा राहिलो. अहिराणीत सुरुवात केली आणि मध्येच मराठीत गेलो, कारण कबुलीचे शब्द मला घरच्या बोलीत सापडेनात. पण सगळं सांगितलं. दिवा लाल होता. मावशीने मला खरं सांगितलं होतं. मी तिला खोटं सांगितलं, आणि माझ्या शब्दावर विसंबून तिने या माउलीला दोनदा परत पाठवलं. चूक माझी होती, तिची कधीच नव्हती.

ती मुलगी पुढच्या रांगेत बसली होती. आता ती दहा वर्षांची आहे, रविवार असूनही शाळेच्या गणवेशात होती, मागे वळून माझ्याकडे बघत होती. परक्या माणसाशी बोलायचं म्हणून ती शाळेतल्या मराठीत बोलली, आणि वर्गात विचारतात तसं उभं राहून बोलली.

"मग त्या दिवशी आजी का रडत होती?"

तिच्या आईने तिला गप्प केलं नाही. सगळे माझ्याकडे बघत होते, मी उत्तर देईन म्हणून.